आजीची माया आणि आपली पळवाट

सक्करदऱ्यातल्या आमच्या दीड खोलीत भावाचं सात वर्षांचं पोरगं आहे. त्याला सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात अन् हाडं ठणकतात. भाऊ-वहिनी मजुरीला, मी सूतगिरणीत रातपाळीला. पोराजवळ माझी माय. ती घडोघडी पाणी पाजते, थंडीत उराशी घेते, डोळे पिवळे झाले का बघते. ताप चढला की दवाखान्याच्या रांगेत तीच. तिला अक्षर येत नाही, पण गोळी चुकत नाही.

वस्ती वहिनीकडे बोट दाखवते. अन् दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारी माय एका रात्री म्हणाली, "माह्यंच मांगच्या जन्माचं पाप असन रे." मी चिडलो. तिला सांगितलं, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी पूर्वकर्म नाकारलं आहे. मूल घेतं ते आईबापाकडून. पूर्वकर्म म्हणजे गरिबाच्या दैन्याची जबाबदारी समाजाने अन् राज्याने झटकायची सोय.

मायनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् तुनं आपलं रगत तपासलं काय?"

मी गप्प. आईबाप दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक शक्यता, मूल आजारी निघायची. वाहकाला स्वतःला बहुधा त्रास नसतो. तपासल्याशिवाय कळत नाही. माझं लग्न ठरतं आहे. जयंतीला विज्ञान सांगणारा मी वर्षभर तपासणी टाळत होतो. भीती एकच, मुलगी नाही म्हणेल.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत सिकलसेल आहे. २०२३ साली केंद्राने निर्मूलनाची मोहीम काढली. पण दाखल्यासाठी खेटे घातले मायनं. मी तिच्या मायेवर कविता केली, टाळ्या घेतल्या.

पूर्वकर्म म्हणणारा जबाबदारी झटकतो. 'आजीची माया' म्हणून हात जोडणारा वेगळं काय करतो? माया तिची आहे, ती तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण रांग, खेटे, जागरण ही माया नाही, ते काम आहे. ते वाटून घेता येतं. तिचे गुडघे गेलेत. तिच्यानंतर कोण?

गेल्या सुटीला रक्त देऊन आलो. निकाल यायचा आहे. काहीही निघो, लग्नाआधी मुलीला सांगणार. अन् आता रांगेत आळीपाळीने भाऊ अन् मी.

तुमच्या घरची रांग कोण धरतं?