दयेची वेळ

मांसाहार करणाऱ्या माणसाला आज एक मोठी सोय लाभली आहे. ज्या प्राण्याचे मांस तो खातो, त्याचे मरण त्याला पाहावे लागत नाही. दुकानदार आतल्या बाजूला कोंबडी कापतो, तुकडे पिशवीत भरून देतो आणि आपण पैसे मोजून घरी येतो. वसईतील आपल्या आजीच्या पिढीला ही सोय नव्हती. घरामागच्या परसात खुराडे असे आणि सणाला किंवा पाहुण्यासाठी त्यातलीच एखादी कोंबडी कमी होई. पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली आणि बहुतेक खुराडीही गेली. मात्र ज्यांच्या घरामागे थोडी जागा उरली आहे, अशांपैकी कोणाला आता पुन्हा कोंबड्या पाळाव्याशा वाटतात. नोव्हेंबरच्या मध्यास ब्रॉयलर जातीची एक दिवसाची दहा-बारा पिल्ले आणावी आणि नाताळच्या जेवणाला घरचे मांस असावे, इतकीच त्यामागची इच्छा असते. या साध्या इच्छेच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे.

ब्रॉयलर म्हणजे आजीची गावठी कोंबडी नव्हे. कॉर्निश जातीचा नर आणि प्लायमाउथ रॉक जातीची मादी यांच्या संकरातून आणि पुढे अनेक पिढ्यांच्या निवडीतून ती घडवली गेली. अमेरिकेत १९४८ साली अधिक मांसल कोंबडी निपजवण्याची राष्ट्रव्यापी स्पर्धाच झाली होती. गावठी कोंबडीला जे वजन गाठायला कित्येक महिने लागतात, त्याहून अधिक, म्हणजे सुमारे दोन किलो वजन ब्रॉयलर सहा आठवड्यांत गाठते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना तेहेतीस ते पस्तीस अंश उष्णता हवी असते. म्हणून खोक्यावर दिवा टांगावा लागतो, खाली भाताचे तूस अंथरावे लागते, रात्री उठून पाहावे लागते. अशा सेवेतून माया जडते. मुले पिल्लांना नावे ठेवतात. मग डिसेंबरच्या अखेरीस सुरी हाती घेण्याची वेळ येते, तेव्हा घरातून विनवणी ऐकू येते : राहू द्या ना यांना, आपण पाळू या!

ही विनवणी कोमल अंतःकरणातून आलेली असते. तिची थट्टा करू नये. परंतु ती ऐकल्याने पुढे काय घडते, हेही पाहिले पाहिजे. भरपूर खाऊ घातलेले ब्रॉयलर आठ-दहा आठवड्यांनंतर स्वतःच्याच शरीराचे ओझे सोसू शकेनासे होते. पाय वाकतात, हृदय थकते, पोटात पाणी साचते. पाण्याच्या भांड्यापर्यंत जाण्याचेही बळ काहींना उरत नाही. म्हणजे ज्याला आपण जीवदान म्हणतो, ते बहुधा लांबवलेले मरण ठरते. अशा वेळी आपण स्वतःला विचारावे : ही दया कोणावर? त्या पक्ष्यावर, की सुरी धरण्याचे दुःख टाळू पाहणाऱ्या आपल्या मनावर?

दया आणि हळवेपणा यांतील भेद येथे स्पष्ट होतो. हळवेपणा स्वतःच्या वेदनेकडे पाहतो, दया दुसऱ्याच्या. संत थॉमस अक्वायनस यांनी प्राण्यांवरील क्रौर्य माणसाला माणसांविषयीही क्रूर बनवते, असे बजावले होते. त्याला एवढेच जोडावेसे वाटते की, दुबळी दयाही माणसाला दुबळे करते. आजाऱ्याला खरे न सांगणारा, मुलाला वेळीच न आवरणारा, भांडणात न्यायाची बाजू न घेणारा माणूस स्वतःला दयाळूच समजत असतो.

मग मारण्याची मुभा आहे, एवढ्यावर प्रश्न मिटतो काय? नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात प्रथम वनस्पतीच अन्न म्हणून दिली आहे. मांसाची परवानगी जलप्रलयानंतर नोहाला मिळते आणि तीही रक्त वर्ज्य करून. कारण रक्तात जीव आहे आणि जीव माणसाच्या मालकीचा नाही. अनुवादाच्या पुस्तकात घरटे सापडल्यास पिल्ले घ्यावीत, पण मादीला सोडून द्यावे, असा नियम आहे. परवानगी आहे, पण तिला कुंपण आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करतो; मात्र त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक मानतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच शिकवणीचा पुनरुच्चार केला.

यावरून मला असे वाटते की, दयेची खरी वेळ सुरी हाती घेण्याची नसून पिल्ले घरी आणण्यापूर्वीची आहे. सहाव्या आठवड्यात निवड फारशी उरलेली नसते. पहिल्या दिवसाआधी ती संपूर्ण असते. ज्याच्याने कापणे होणार नाही आणि जो ते काम जाणत्या हातांकडेही सोपवणार नाही, त्याने ब्रॉयलर आणू नयेत. त्याने गावठी किंवा परसातील पालनासाठीच तयार केलेल्या गिरिराज, वनराजा यांसारख्या कोंबड्या आणाव्यात. त्या सावकाश वाढतात आणि आपल्या पायांवर चालतात. ज्याला ब्रॉयलरच पाळायचे आहेत, त्याने दिवस आधी ठरवावा, तोवर त्यांना कोरडे तूस, मोकळी हवा आणि पुरेशी जागा द्यावी, शेजाऱ्याला दुर्गंधीचा त्रास होऊ देऊ नये. आदल्या रात्री दाणा काढून घ्यावा, पण पाणी ठेवावे. आणि काम जाणत्या हातांनी, एका घावात उरकावे. मुलांना ते पाहण्याची सक्ती नको, पण त्यांच्याशी खोटेही बोलू नये.

अशा घरी नाताळच्या दिवशी जेवणापूर्वी जी प्रार्थना होईल, ती उपचार म्हणून होणार नाही. ताटातल्या घासासाठी कोणाचा जीव गेला, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असेल. ताटात काहीही टाकून देऊ नये, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.