शुकवाक्य आणि एआय एजंट

वैयक्तिक संकेतस्थळ एआय एजंटांना वाचता यावे यासाठीची तयारी वरवर तांत्रिक दिसते. तिच्या मुळाशी मात्र एक जुना वाद आहे. ज्याला काही समजते की नाही हेच ठरलेले नाही, त्याच्या हाती मजकूर दिल्यावर अर्थाचे काय होते? तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये ‘चिनी खोली’चा दाखला देऊन प्रतिपादन केले, की नियमांबरहुकूम चिन्हे जुळवता येणे म्हणजे समजणे नव्हे. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचा, कौलही बहुधा असाच पडला असता, फक्त कारण निराळे. त्यांच्या मते ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. यंत्राला तो कुठून असणार?

बोध कुणालाही होवो, वाक्याची बाजू उरतेच. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायग्रंथ वाक्यार्थज्ञानाला तीन गोष्टी आवश्यक मानतो. पदांना एकमेकांची अपेक्षा असणे ही आकांक्षा. गाय, घोडा, माणूस, हत्ती अशी नुसती नावे घेतल्याने वाक्य होत नाही. अर्थामध्ये विरोध नसणे ही योग्यता. विस्तवाने शिंपण करायला सांगितले तर काहीच बोध होत नाही. तिसरा संनिधी, म्हणजे पदे विलंबावाचून उच्चारली जाणे. प्रहराप्रहराने एकेक शब्द बोलणाऱ्याचे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात जुळत नाही.

संकेतस्थळावर सर्वांत जास्त बिघडतो तो हा संनिधी. अनेक प्रणाली लांबलचक पानाचे तुकडे करतात आणि प्रश्नाशी जुळणारे तेवढेच तुकडे भाषा-प्रारूपापुढे ठेवतात. एखाद्या गायिकेच्या पानावर गुरूंचे नाव पहिल्या परिच्छेदात असते आणि दहाव्यात ‘त्यांच्याकडे बारा वर्षे तालीम झाली’ एवढेच असते. माणसाची नजर वर जाऊन नाव शोधून येते. सुट्या तुकड्यातले ‘त्यांच्याकडे’ मात्र अधांतरी राहते. म्हणून नाव पुन्हा लिहावे लागते. छापील गद्यात जी पुनरुक्ती खटकते, ती इथे उपयोगी पडते. कार्यक्रमाची तारीख केवळ भित्तिपत्रकाच्या चित्रात असेल, किंवा सगळा मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावरच उमटत असेल, तर कित्येक यंत्रांच्या हाती जवळजवळ कोरे पान लागते. चित्राला पर्यायी मजकूर आणि नीट उतरंडीची शीर्षके हा यावरचा उपाय नवा नाही. दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरसाठी तो कधीपासून सांगितला जात आहे. सुगम्यतेची पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्येच आली. माणसांसाठी जे टाळले, ते आता यंत्रांसाठी उत्साहाने होते, हे फारसे भूषणावह नाही.

योग्यतेचा भंग होतो तो दोन ठिकाणच्या माहितीत मेळ नसल्याने. २०११ पासून रूढ झालेल्या स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीने पानात यंत्रांसाठी वेगळी नोंद ठेवता येते. तिच्यात एक हुद्दा आणि दिसणाऱ्या मजकुरात दुसरे असेल, तर कशावर विसंबावे हे ठरत नाही. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही १९९४ ची मार्टाइन कोस्टर यांची कल्पना आणि एलएलएम्स डॉट टीएक्सटी हा जेरेमी हॉवर्ड यांचा २०२४ चा प्रस्ताव यांचे काम वेगळे आहे. पहिली फाइल यंत्रांनी कुठे यावे, कुठे येऊ नये हे सांगते. तीही विनंतीच, कुलूप नव्हे. दुसरी महत्त्वाच्या पानांची वाट दाखवते.

या तिन्हींपलीकडे उरते तात्पर्य, म्हणजे वाक्यामागचा अभिप्राय, आणि खरा पेच तिथे आहे. एजंट वाचून थांबत नाही, तो कुणाला तरी उत्तर देतो. बोध होणारा माणूस त्या उत्तराच्या पलीकडे असतो, आणि एजंट त्याच्यापुढे बोलणारा ठरतो. अर्थ न कळता बोलणाऱ्याचा विचार परंपरेने शुकवाक्याच्या, म्हणजे पोपटाच्या बोलण्याच्या, निमित्ताने केला आहे. विश्वनाथ पंचाननाच्या ‘मुक्तावली’ या न्यायग्रंथात पोपटाचे खरे ठरणारे वाक्य ईश्वराच्या तात्पर्यावर सोपवले आहे, आणि खोटे ठरणारे शिकवणाऱ्याच्या. ‘वेदान्तपरिभाषा’ हा वेदान्ताचा ग्रंथ तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवतो: तात्पर्य म्हणजे बोलणाऱ्याची इच्छा नव्हे, तर विशिष्ट अर्थ उपजवण्याची वाक्याची स्वतःची क्षमता.

संकेतस्थळ लिहिणाऱ्याला दुसरे मत अधिक कामाचे आहे, कारण एजंटाच्या तोंडून वाक्य बाहेर पडताना ते सावरायला लेखक जवळ नसतो. ‘सध्या’ऐवजी महिना आणि वर्ष, मताला मत म्हटलेले, ऐकीव माहितीला ऐकीव, हे सारे वाक्यातच असावे लागते. विश्वनाथाचे मत मात्र जबाबदारीच्या बाबतीत अधिक कठोर आहे. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एजंटासाठी लपवलेली आत्मस्तुती माणसाला दिसत नाही आणि एजंट ती आपलीच म्हणून सांगतो. तिथे खोट्या वाक्याचे तात्पर्य शिकवणाऱ्याकडेच जाते.