मृत्युपत्राची गोष्ट घरात काढावी काय?

बोर्ली पंचतनाकडे काय किंवा इतरत्र काय, बापाच्या हयातीत मृत्युपत्राची गोष्ट काढणे अभद्र समजतात. मुलाने ती काढिली तर त्याचा वाडीवर डोळा आहे असे म्हणतात. बापाने काढिली तर "बाबा, असे बोलू नका" म्हणून त्याचे तोंड बंद करितात. ह्या संकोचात माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि तिचे ओझे शेवटी कोणाच्या शिरी पडते, ते पाहिले पाहिजे.

मनुष्य काही न लिहिता वारला म्हणजे वाटणी कायद्याने होते. ख्रिस्ती घरात १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेस एकतृतीयांश व बाकीचे मुलांस जाते. मुलगा व मुलगी ह्यांत भेद नाही. कायदा असा आहे खरा. पण घरात काय घडते? डोळ्यांचे पाणी आटण्यापूर्वीच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते, आणि माहेर तुटेल ह्या भयाने ती सही करिते. बापाची इच्छा कोणी ऐकलेलीच नसते; सबब जो मोठ्याने बोलतो त्याची इच्छा तीच बापाची ठरते. मौन राखणाऱ्या बापाने हा अन्याय केला नाही, पण त्यास वाट मात्र करून दिली, असे आमचे मत आहे.

मृत्युपत्र करणे अवघड नाही. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाराची सही व दोन साक्षीदार पुरतात. मात्र ख्रिस्ती मनुष्याने ज्यास काही द्यावयाचे त्यास, किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस, साक्षीदार करू नये. केल्यास ते देणे व्यर्थ जाते.

ह्याहून कठीण प्रश्न शेवटच्या दुखण्याचा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत जवळजवळ अचेत पडून होती. तिला जगू द्यावे की जाऊ द्यावे, हा वाद २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तिचे स्वतःचे मत कोणास विचारावे? तरुण मुलगी, तिने आधी काही सांगून ठेवावे अशी अपेक्षा कोण करील! आपणांस मात्र आता ती सोय आहे. त्याच न्यायालयाने २०१८ साली अशी आगाऊ लेखी सूचना मान्य केली, व २०२३ साली तिची रीत सोपी केली: दोन साक्षीदारांसमक्ष सही व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी ह्यांचे साक्षांकन. ती नसेल तर यंत्रे चालू ठेवावी की काढावी, हे मुलांनी रुग्णालयाच्या ओसरीत आपसांत भांडून ठरवावे लागते; आणि ज्याने "काढा" म्हटले त्यास भाऊबंद जन्मभर बोल लावितात.

म्हणून ही गोष्ट वडिलांनीच काढावी, व ती प्रकृती धड असताना. मे महिन्यात मुंबईची मंडळी गावी येतात, ती वेळ चांगली. एकट्या थोरल्यास बाजूला घेऊन कानात सांगू नये. लेकींस बोलवावे, आणि सुनेसही बसवावे, कारण आजाऱ्याची उस्तवारी पुढे तिलाच करावयाची असते.