खबऱ्याचा गुन्हा आणि राज्याचे अनुमोदन

गुन्हेगारांच्या टोळीतील एखाद्या माणसाला हाताशी धरून पोलिसांनी त्या टोळीची माहिती काढावी, आणि माहितीचा ओघ आटू नये म्हणून त्याच्या स्वतःच्या गुन्ह्यांकडे काणाडोळा करावा, या व्यवहारातील पाप कोणाच्या माथी जाते, हा प्रश्न कायद्याच्या ग्रंथांत क्वचितच सरळपणे विचारला जातो. कायद्याला चिंता असते ती बहुधा गुप्ततेची. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यातील 125 व्या कलमाने, गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही असे ठरवले, आणि 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे संरक्षण कायम ठेवले. खबऱ्याच्या जिवाचा विचार करता ही तरतूद रास्तच आहे. मात्र तिच्या आडोशाला खबऱ्याबरोबर त्याला पोसणारा अधिकारीही उभा राहू शकतो.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक नेमकी चौकट पतंजलींच्या योगसूत्रांत सापडते. दुसऱ्या पादात हिंसादी वितर्कांचे, म्हणजे यमनियमांना बाधक ठरणाऱ्या वृत्तींचे, विवेचन करताना पतंजली त्यांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार मानतात: स्वतः केलेली हिंसा, दुसऱ्याकडून करविलेली हिंसा आणि दुसऱ्याने केलेल्या हिंसेला दिलेली मान्यता. जैन आचारशास्त्रातही हीच त्रयी आहे. यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत निसटता आहे, कारण मान्यता देण्यासाठी आधी माहिती असावी लागते, आणि म्हणून अनुमोदनाच्या दोषातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपल्याला काही ठाऊकच नव्हते असे म्हणता येईल अशी व्यवस्था करून ठेवणे. व्यक्तीपेक्षा संस्थेला हा मार्ग अधिक सुलभ असतो. कनिष्ठाने सांगायचे नाही आणि वरिष्ठाने विचारायचे नाही, एवढ्याने काम भागते.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात ही व्यवस्था कशी चालली याचे तपशील न्यायालयीन कागदपत्रांत सविस्तर नोंदले गेले आहेत. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने 1975 मध्ये जेम्स 'व्हायटी' बल्जर या टोळीप्रमुखाची खबऱ्या म्हणून नोंद केली. इटालियन माफियाच्या स्थानिक घराण्याचा बीमोड हे उद्दिष्ट होते, आणि त्यात संस्थेला यशही आले. परंतु बल्जरला सांभाळणारा अधिकारी जॉन कॉनोली याने त्याला चौकशांपासून वाचवले, तर पर्यवेक्षक जॉन मॉरिस याने त्याच्याकडून पैसे घेतले. बल्जरविरुद्ध माहिती घेऊन एफबीआयकडे आलेल्या एका माणसाची बातमी बल्जरपर्यंत पोचली आणि 1982 मध्ये त्या माणसाचा खून झाला. एका खबऱ्याला जपण्यासाठी दुसऱ्या खबऱ्याचा बळी गेला, आणि ज्या गुप्ततेने दुसऱ्याचे रक्षण व्हायचे ती त्याच्या बाबतीत पाळलीच गेली नाही. 2013 मध्ये 11 खुनांतील सहभागाबद्दल बल्जर दोषी ठरला. त्याआधी 2008 मध्ये कॉनोलीही फ्लोरिडात एका खुनाबद्दल दोषी ठरला होता.

बल्जरचा साथीदार स्टीफन फ्लेमी याने न्यायालयात घेतलेला पवित्रा तात्त्विक दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे. आपले गुन्हे संस्थेच्या संमतीने झाले, तेव्हा आपल्यावर खटलाच चालू शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी 1999 मध्ये 661 पानांचा निर्णय देऊन या संबंधांचा सारा पट उलगडला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने निर्णय दिला तो असा की, असे अभय देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना मुळी नव्हताच. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष आहे. नीतीच्या दृष्टीने ते अपुरे पडते, कारण अधिकाराविना दिलेली संमती अवैध ठरली तरी ती दिली गेली होती ही वस्तुस्थिती पुसली जात नाही.

कौटिल्याला खबऱ्यांवर अंकुश हवा होता, यात शंका नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस अशा वेषांतील गूढपुरुषांची, म्हणजे गुप्तहेरांची, योजना सांगताना त्याने तीन स्वतंत्र हेरांचे म्हणणे जुळल्यावरच विश्वास ठेवावा असा दंडक घातला, आणि ज्यांच्या बातम्या वारंवार विसंगत निघतील त्यांना गुपचूप शिक्षा करावी किंवा कामावरून काढावे असे सांगितले. मात्र हा सारा बंदोबस्त राजाची फसगत होऊ नये यासाठी आहे. हेराच्या हातून प्रजेपैकी कोणाचे अहित झाले तर त्याची दाद कोठे मागावी, याचा विचार त्यात नाही.

धर्मविचाराने मात्र माहितीच्या सत्यतेवर समाधान मानलेले नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो: सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाने, दस्यूंच्या भयाने रानात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा दस्यूंनी विचारताच खरा सांगितला, त्या लोकांची हत्या झाली आणि कौशिक नरकात गेला. बातमी खरी होती एवढ्याने ती देणारा निर्दोष ठरला नाही. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन यांच्यापुढे इसवी सन 420 च्या सुमारास याच प्रश्नाची दुसरी बाजू आली. स्पेनमधील, पाखंडी ठरलेले प्रिसिलियनपंथी आपली मते खोटे बोलून लपवतात, तर त्यांना उघडे पाडण्यासाठी सश्रद्धांनी त्या पंथाचे सोंग घेऊन आत शिरावे काय, अशी विचारणा कॉन्सेंशियस नावाच्या एका सश्रद्धाने केली होती. ऑगस्टीन यांनी ती साफ नाकारली, कारण लबाडांना लबाडीने पकडू पाहणारा त्यांचेच तत्त्व मान्य करून बसतो. हा निवाडा कोणत्याही पोलीस दलाला झेपणारा नाही, हे खरे. टोळीच्या आतला माणूस फोडल्याशिवाय संघटित गुन्हेगारीचे खटले उभे राहत नाहीत.

म्हणून प्रश्न उरतो तो अनुमोदन कोणाच्या नावावर राहील एवढाच. अमेरिकेच्या महान्यायवादी खात्याने 2001 मध्ये काढलेल्या नियमावलीत, गंभीर स्वरूपाचे बेकायदा कृत्य खबऱ्याला करू द्यायचे असल्यास तपास संस्थेच्या प्रमुख स्थानिक अधिकाऱ्याने आणि सरकारी अभियोक्त्याने आधी लेखी मंजुरी द्यावी, ती 90 दिवसांहून अधिक नसावी आणि हिंसक कृत्याला मंजुरी मुळीच देऊ नये, असे बंधन होते. सही करणाऱ्याला 'ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय उरू नये, ही या नियमांची खरी नैतिक करामत. ब्रिटनने 2021 च्या कायद्यात अशा मंजुऱ्यांची माहिती न्यायिक आयुक्तांना कळवण्याची तरतूद केली. पण कोणते गुन्हे कदापि मंजूर होणार नाहीत याची यादी मात्र देण्याचे टाळले. यादी दिली तर टोळ्या तिच्या आधारे माणसे पारखून घेतील, हा सरकारचा युक्तिवाद होता. तो व्यवहाराला धरून आहे, तरी काही कृत्यांना संमती देताच येत नाही हे राज्याने उघडपणे म्हणणे यातच त्याच्या संमतीला वजन येते.

नियम कागदावर असणे पुरेसे ठरत नाही, हेही नोंदले पाहिजे. खबऱ्यांविषयीची पहिली नियमावली महान्यायवादी एडवर्ड लेव्ही यांनी 1976 मध्येच जारी केली होती, म्हणजे बल्जर प्रकरणाचा जवळजवळ सारा काळ नियमांच्या छायेतच गेला. 2001 च्या नियमावलीचे पालन कसे होते हे खात्याच्या महानिरीक्षकांनी 120 धारिका काढून तपासले, तेव्हा त्यांपैकी 87 टक्के धारिकांत नियमभंग आढळला, असे 2005 च्या अहवालात नमूद आहे. पोलिसांनी पोलिसांवर ठेवलेली देखरेख येथवरच पोचते. खबऱ्याच्या गुन्ह्याची मंजुरी दलाबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्याने पाहिली पाहिजे, आणि त्या गुन्ह्याची झळ ज्यांना लागली त्यांना आज ना उद्या ती मंजुरी कोणी दिली हे कळले पाहिजे.