सण कोणाचा, यजमान कोण?

आतिथ्यधर्माचा विचार आपल्याकडे बहुधा यजमानाच्या बाजूनेच झालेला आहे. तैत्तिरीय उपनिषदात अतिथीला देव मानण्याचा जो उपदेश आहे, तो गुरुगृहातून निघालेल्या, म्हणजे उद्या स्वतः यजमान होणाऱ्या शिष्याला केलेला आहे. पाहुण्याने कसे वागावे, दुसऱ्याच्या घरी कसे बसावे, समोर येईल ते कोणत्या मनाने स्वीकारावे, याविषयी आपल्या कानांवर फारसे काही पडत नाही. द्यावयास शिकवणारे पुष्कळ भेटतात. घ्यावयास शिकवणारा विरळा. आणि जोपर्यंत सण आपला, घर आपले आणि पाहुणे परके असतात, तोपर्यंत ही उणीव जाणवतही नाही. ती जाणवते दुसऱ्याचा सण आपण साजरा करावयास निघतो तेव्हा.

हेब्बाळच्या ज्या वसाहतीत आम्ही राहतो, तेथे केंद्र सरकारच्या निरनिराळ्या खात्यांतील पन्नासएक कुटुंबे आहेत. त्यांपैकी तीन ख्रिस्ती: एक मंगळूरकडचे, घरात कोंकणी बोलणारे कॅथलिक, दुसरे केरळातील सिरियन ख्रिस्ती, तिसरे तमिळ प्रॉटेस्टंट. गतवर्षीच्या डिसेंबरात वसाहतीच्या बैठकीत सूचना आली की, गणेशोत्सव आणि दसरा आपण करतोच, तर नाताळची मेजवानीही का करू नये? सूचना सर्वांस आवडली. सभागृह, केक, कागदी तारा, मुलांसाठी लाल झग्यातील सांताक्लॉज, घरटी वर्गणी, सारे भराभर ठरू लागले. दुसऱ्या दिवशी सुटी म्हणून २४ डिसेंबरची संध्याकाळ मुक्रर होऊ लागली. केकमध्ये अंडे असावे की नसावे, यावर मात्र वाद रंगला. त्या तीन कुटुंबांना आधी न कळवता ऐनवेळी चकित करावे, असाही बेत निघाला. एवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्क गृहिणीने विचारले, "अहो, पण त्यांना कोणी विचारलंय का?"

हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो. परंतु आम्हांस तो नीतीचा वाटतो. कसा, ते पाहण्यासाठी हीच गोष्ट उलटी करून पाहावी. कर्नाटकात गौरी येते ती गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, तृतीयेला. आपल्या ज्येष्ठागौरी येतात चतुर्थीनंतर, अनुराधा नक्षत्रावर, आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. समजा, आमच्या कन्नड शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने ठरविले की, या मराठी मंडळींसाठी आपणच गौरी बसवू. ते ती तृतीयेला बसवतील, सुपातून बागिन देतील, आणि मराठी बायकांना सन्मानाने पहिल्या रांगेत बसवतील. त्यांच्या भावनेत काडीचेही न्यून नसेल. तरीही आपल्या घरची बाई त्या रांगेत बसून काय अनुभवील? तिची गौर तर अजून यायचीच आहे! आपल्याच सणाला आपण पाहुण्या झालो, आणि आभारही आपणच मानावयाचे, अशी ती चमत्कारिक अवस्था असेल.

नाताळचे तंतोतंत असेच आहे. २४ डिसेंबरची संध्याकाळ आम्हांस सुटीच्या आदली म्हणून सोयीची. पण मंगळूरच्या कुटुंबाची ती मध्यरात्रीच्या मिस्सेच्या तयारीची वेळ. प्रॉटेस्टंट कुटुंबातील मुलगी तर चर्चच्या गायनवृंदातली. मग मेजवानी आठवडाभर अलीकडे घ्यावी, तर नाताळपूर्वीचे चार रविवार हा ख्रिस्ती पंचांगात वाट पाहण्याचा काळ. केरळातील सिरियन ख्रिस्ती तर १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचे व्रत पाळतात आणि त्यात मांस, मासे, अंडी वर्ज्य करतात. म्हणजे 'त्यांच्यासाठी' अंड्याचा केक असावा म्हणून जो वाद चालला होता, त्यातील एका घरी त्या दिवसांत अंडे शिजतच नव्हते! उलट २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत नाताळचा काळ चालूच असतो, हे बैठकीतल्या कोणाच्या गावी नव्हते. सद्भावनेला माहितीची जोड नसली की ती दुसऱ्याच्या उपासाच्या दिवशी पंगत मांडते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. नाताळ आता एका समाजाचा राहिला आहे कोठे? सजविलेले झाड जर्मनीतून आले आणि इंग्लंडात ते रूढ झाले ते १८४० नंतर, व्हिक्टोरिया राणी व प्रिन्स अल्बर्ट यांच्या घराण्याच्या अनुकरणाने. सांताक्लॉजचे मूळ चौथ्या शतकातील मायराच्या संत निकोलसात, आणि त्याचा सण पडतो ६ डिसेंबरला. गव्हाणीचा देखावा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावी उभा केला. खुद्द मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास दंड ठेवला होता. ज्या सणाचे रूप ख्रिस्ती लोकांतच इतके पालटत आले, तो आणखी एका वसाहतीने आपल्या पद्धतीने केला तर बिघडले काय?

बाजाराच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही. दुकानात तारा विकत घेताना कोणाची अनुमती लागत नाही, आणि आपल्या मुलांना घरी केक खाऊ घालण्यासही लागत नाही. परंतु शेजार म्हणजे बाजार नव्हे. 'आम्ही तुमचा सण साजरा करतो' या वाक्यात 'तुमचा' हा शब्द आला की त्या 'तुम्हां'ला त्यात पहिला शब्द असावयास हवा. संख्येने पन्नास असलेल्यांनी तिघांचा सण त्यांना न विचारता करणे यात प्रेम असेल. पण त्या प्रेमात सत्तेचाही अंश असतो. यजमान तारीख ठरवितो, ताट ठरवितो, कोणी कोठे बसावे हे ठरवितो. जो नेहमीच यजमान असतो आणि पाहुणा कधीच होत नाही, त्याचे औदार्य तपासून पाहिले पाहिजे.

तर मग सगळा भार त्या तीन घरांवर टाकावा काय? हा दुसरा आक्षेप आम्हांस पहिल्यापेक्षा अधिक बोचला. सण त्यांचा म्हणून पन्नास घरांचा स्वयंपाक त्यांनी करावा, आणि आम्ही हात धुऊन पंगतीला बसावे, हा न्याय नव्हे. आमच्या मते उत्तर यजमानपणाची फोड करण्यात आहे. यजमानपणात दोन गोष्टी असतात, मान आणि कष्ट. मान ज्याचा सण त्याचा, कष्ट सर्वांचे. वसाहतीत शेवटी झाले ते असेच. तिन्ही कुटुंबांना भेटून विचारले. त्यांनी नाताळनंतरचा रविवार निवडला, बोलावणे त्यांच्या नावाने गेले, आणि खुर्च्या मांडणे, वाढणे, भांडी घासणे बाकीच्यांनी वाटून घेतले. आरंभी त्यांनी एक लहानशी प्रार्थना म्हटली. ती आम्ही उभे राहून ऐकली. तिचे भाषांतर करून 'सर्वधर्मसमभाव' शोधण्याची कोणास गरज भासली नाही.

अंड्याचा प्रश्न उरलाच. काही वृद्ध शाकाहारी मंडळींना एकाच स्वयंपाकघरातून सारे येणे रुचत नव्हते, आणि त्यांच्या श्रद्धेची थट्टा करणे हेही आतिथ्य नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण येथे आठवण्याजोगे आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे एका संसाराच्या दोन चुली कशा होत्या आणि सोवळे हळूहळू कसे गळत गेले, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रां'त वाचावयास मिळते. चुलीचा प्रश्न हुकमाने सुटत नाही, हेच त्यातून दिसते. यजमानाने पाहुण्याच्या ताटावर सक्ती करू नये आणि पाहुण्याने यजमानाच्या चुलीवर करू नये, एवढे पाळले तरी पुष्कळ. दोन निरनिराळी मेजे मांडली गेली. त्याने सर्वांचे समाधान झाले असे नाही. पण कोणाच्या घासात कोणाचा अपमान मिसळला नाही.

मराठी माणसाला तर हे सारे नवे वाटण्याचे कारणच नाही. 'नाताळ' हा आपला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. फादर स्टीफन्सने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले ते १६१६ साली छापले गेले. 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचे. गोव्यात नाताळला ख्रिस्ती घरांतून दोदोल, नेवऱ्या, कुलकुले यांचे ताट हिंदू शेजाऱ्याकडे जाते आणि चवथीला वा दिवाळीला शेजाऱ्याकडून फराळ येतो. आलेले ताट रिकामे परत करू नये, ही आपल्या आयांची शिकवण. तिच्यात आमच्या मते आतिथ्याचे अर्धे नीतिशास्त्र आले. ताट परत करावयाचे असते, म्हणजे ते आपले नसते. ते भरून द्यावयाचे असते, म्हणजे आपण केवळ घेणारे नसतो. आणि ते भरावयाचे आपल्या सणाला आपल्या पदार्थांनी. त्याचेच दोदोल आपण करून त्यालाच वाढावयाचे नसतात.

बदलीच्या नोकरीतील आपणा सर्वांस हा पाठ गिरवावयास इतरांपेक्षा अधिक सवड आहे. या शहरात १६३८ साली शहाजीराजे आले तेही परमुलखातूनच. हेब्बाळला १९१३ साली शेतकी शाळा निघाली, तेव्हा म्हैसूरच्या शेतकी खात्याची धुरा लेस्ली कोलमन या कॅनडाच्या गृहस्थाकडे होती. आपण तर तीनचार वर्षांचे प्रवासी. बदलीचा हुकूम आला की सामान बांधणार. ज्याला आपण कायमचे यजमान आहोत असे वाटते, त्याला पाहुणेपण शिकणे जड जाते. आपल्याला ते सरकारने फुकट शिकविले आहे. त्या शिक्षणाचा उपयोग एवढाच की, शेजाऱ्याचा सण आला असता वर्गणीची वही उघडण्यापूर्वी त्याचे दार ठोठवावे, आणि त्याने आत बोलाविले तर त्याने दाखविलेल्या जागी बसावे.