काळजी करावी की काळजी घ्यावी?



आमची मुलगी तीन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. रविवारची मिस्सा संपली होती आणि आम्ही आवारात उभे होतो. नेहमीप्रमाणे बाळ या हातातून त्या हातात फिरू लागलं. एका मावशींनी मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचा हात मागच्या बाजूला थांबला. "अगं, डोकं इकडून चपटं लागतंय गं! मालीशवाली बाई लावली नाहीस का?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढच्या क्षणी त्या दुसऱ्या बाळाकडे वळल्याही. पण ते वाक्य आमच्याबरोबर घरी आलं.

त्या रात्री आम्ही दोघे मोबाईलच्या उजेडात झोपलेल्या लेकीचं डोकं निरखत बसलो. शिवणकामाची टेप आणून घेर मोजला. दोघांनी मोजला तर आकडे वेगवेगळे आले. सकाळी गावी फोन केले. एका आजीनं मोहरीची उशी करायला सांगितली, दुसरीनं टाळू तेलानं भरायला सांगितली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काही होत नाही, केस आले की कळतसुद्धा नाही."

करंजाड्यातली आपली बहुतेक घरं अशीच आहेत. कुणी वसईहून आलं, कुणी नगरकडून, कुणी अलिबागहून. बाळाला न्हाऊमाखू घालणारी आजी फोनवर असते आणि बाळ सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर. सल्ले भरपूर मिळतात, निर्णय मात्र दोघांनाच घ्यावा लागतो. मग चूक झाली तर ती आपलीच, असं ओझं मनावर बसतं. त्यातही ते बाळाच्या आईवर जास्त बसतं, कारण प्रश्न नेहमी तिलाच विचारला जातो.

आपल्या भाषेत 'काळजी' या एकाच शब्दाची दोन क्रियापदं आहेत. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. काळजी करणारा रात्रभर जागतो, काळजी घेणारा सकाळी उठून काहीतरी करतो. त्या आठवड्यात आम्ही काळजी भरपूर केली, पण घेतली किती? हा प्रश्न आम्हांला डॉक्टरांकडे गेल्यावर पडला.

डॉक्टरांनी आधी टेपने घेर मोजला आणि कागदावरच्या रेषांशी ताडून पाहिला. मग समजावून सांगितलं. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतो, पुढचे तीन महिने एक-एक आणि नंतर अर्धा-अर्धा. वर्षाच्या शेवटी तो ४५-४६ च्या आसपास येतो. आत मेंदू वाढत असतो, म्हणून कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. पुढची टाळू बहुधा नऊ ते अठरा महिन्यांत भरते, आणि ती तेलाने नव्हे, हाडाने भरते. मोजमापाच्या त्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केल्या. त्यासाठी सहा देशांतली बाळं मोजली गेली आणि त्यांत आपल्या दिल्लीतलीही होती.

"घेर वेळेवर वाढतोय, टाळू मऊ आहे, बाळ हसतं, बघतं, मान धरू लागलंय. मग हा झोपण्यामुळे आलेला सपाटपणा आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "झोपवता तेव्हा खिडकी कोणत्या बाजूला असते?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खिडकी नेहमी उजवीकडेच होती. लेक उजेडाकडे मान करून झोपायची आणि उजवी बाजूच चपटी झाली होती!

मग बाळाला पोटावर झोपवायचं का? डॉक्टरांनी ठाम नकार दिला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं आणि १९९४ पासून बाळाला पाठीवरच झोपवण्याची मोठी मोहीम तिथे सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. त्याबरोबर मागून चपट्या डोक्यांची बाळं मात्र वाढली. म्हणजे आम्हांला खटकणारा तो सपाटपणा बाळाचा जीव सांभाळणाऱ्या सवयीतून आला होता. एक वर्षापर्यंत बाळाच्या अंथरुणात उशी नको, मोहरीचीही नको, हेही तेव्हाच कळलं. आजीचा हेतू चांगला होता. पण जीव आधी, आकार नंतर.

उपाय अगदी साधे निघाले. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ त्याला पोटावर ठेवायचं. एक दिवस डोकं पलंगाच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. जास्त वेळ कडेवर घ्यायचं. मान एकाच बाजूला वळत असेल तर डॉक्टरांना दाखवून व्यायाम शिकून घ्यायचे. महागड्या हेल्मेटबद्दलही आम्ही विचारलं. हॉलंडमधल्या ८४ बाळांवरचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या वयात हेल्मेट घातलेल्यांपैकी २६ टक्के बाळांची डोकी पूर्ण सुधारली होती आणि न घातलेल्यांपैकी २३ टक्क्यांची. एवढ्याशा फरकासाठी आम्ही कर्ज काढणार होतो.

इथेच थांबलो असतो तर 'उगीच काळजी करू नका' असं सांगून हा लेख संपवता आला असता. पण आमच्या ओळखीच्या एका आईचा अनुभव वेगळा आहे. तिच्या मुलाचं डोकं झपाट्यानं मोठं होत होतं. टाळू फुगलेली वाटायची. ती सगळ्यांना सांगत होती आणि सगळे तिला समजावत होते, "पहिलटकरीण आहेस, फार विचार करतेस. डोकं मोठं म्हणजे बाळ हुशार." यात दोन महिने गेले. शेवटी तपासणीत डोक्यात पाणी साठल्याचं कळलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. बाळ आज बरं आहे. पण ती म्हणते, "मला धीर देणाऱ्या एकानंही टेप लावून बघितली नाही."

तिचं हे वाक्य आम्हांला आमच्या मावशींच्या वाक्यापेक्षा जास्त बोचतं. भीती घालणं जसं चूक, तसा न बघता धीर देणंही चूकच. दोन्हींत बाळाकडे कुणी नीट पाहिलेलं नसतं. घेर फार वेगानं वाढणं किंवा वाढ थांबणं, टाळू फुगणं, कवटीवर हाडाची कड हाताला लागणं, जन्मापासूनचा वाकडेपणा वाढत जाणं, बाळ मंद वाटणं किंवा सारख्या उलट्या होणं, यांपैकी काही दिसलं तर थांबू नये. कवटीची हाडं वेळेआधी जुळण्याचा दोष साधारण दोन ते अडीच हजार बाळांत एखाद्याला असतो, आणि त्याची शस्त्रक्रिया बहुधा पहिल्या वर्षातच करतात. जुलाबात टाळू खोल जाणं हे अंगातलं पाणी कमी झाल्याचं लक्षण आहे. हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं आणि त्यात त्या बरोबर होत्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना आपण लसीसाठी जातोच. तेव्हाच घेर मोजून लिहून घ्यायला सांगावं.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू विचारतो की काळजी करून कुणाला आपलं आयुष्य थोडंतरी वाढवता येतं का. आम्ही ते अनेकदा ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ 'निश्चिंत राहा' एवढाच घेतला होता. पण याच प्रभूची आई, तो बारा वर्षांचा असताना हरवला तेव्हा, घरी स्वस्थ बसली नाही. योसेफासह ती यरुशलेमला परत गेली आणि तीन दिवस त्याला शोधत राहिली. विश्वास आणि शोध यांचं भांडण नाही.

आम्ही स्वतःलाही एक प्रश्न विचारला. गोल डोकं आम्हांला कुणासाठी हवं होतं? लेकीला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास आम्हांला होता, चारचौघांत विचारलं जाण्याचा. बाळ निरोगी वाढावं ही इच्छा त्याच्यासाठी असते. ते सुबक दिसावं ही इच्छा पुष्कळदा आपल्यासाठी असते. दोन्ही इच्छा एकाच मायेच्या पदराखाली राहतात, म्हणून त्या वेगळ्या ओळखायला वेळ लागतो. आणि ज्या बाळाचं डोकं, ओठ किंवा पाय कधीच 'सुबक' होणार नाहीत, त्याची आई आपल्याच बाकावर बसलेली असते. आपल्या शेऱ्यांनी तिचं काय होत असेल?

आमच्या लेकीचं डोकं आजही मागून किंचित सपाट आहे. वेणी घालताना ते हाताला लागतं.

पुढच्या रविवारी आवारात एखादं बाळ आपल्या हातात येईल. त्याच्या आईला विचारायचंच असेल तर एवढं विचारू या, "तू जेवलीस का? रात्री झोप मिळते का?" आणि ती म्हणाली की काहीतरी ठीक वाटत नाही, तर तिला समजावत न बसता तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊ या.