चार पोस्टकार्डांएवढा रस्ता

पहाटेचे साडेपाच वाजलेत असं समजा. बंगळूर अजून पुरतं जागं झालेलं नाही. फाटकाशी नंदिनीच्या दुधाचे क्रेट उतरल्याचा आवाज आला, तेवढाच. किल्ली घेऊन खाली पार्किंगमध्ये या, पण गाडी सुरू करू नका. आज कुठे जायचं नाही. पुढच्या डाव्या चाकाशेजारी एक जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि मांडी घालून बसा.

टायर बदलायला झालेत. या खेपेला जास्त टिकणारे घ्यायचे, असं तुमच्या मनात आहे. घेऊ या. त्याआधी थोडा वेळ या चाकाशी बसू या. श्वास आपोआप सावकाश होईल, तो होऊ द्या.

माझी गाडी 2014ची पोलो जीटी टीएसआय आहे. चाकणच्या कारखान्यात जन्मलेली, माझ्यासारखीच इथे येऊन रुळलेली. दिसायला लहान, पण पाय जरा दाबला की उसळी घेते. तुमची कदाचित आय20 एन लाइन असेल, नाहीतर रांजणगावात तयार झालेली अबार्थ पुंटो. अशी गाडी निवडणाऱ्या माणसाला वळण आवडतं. नंदी हिल्सच्या वाटेवर स्टिअरिंग हातात बोलायला लागतं तेव्हा मिळणारा आनंद खरा असतो. त्याचा संकोच नको. फक्त एवढं मनात आणा, की तो आनंद या काळ्या रबरावर उभा आहे.

आता तळहात टायरवर ठेवा. रात्रभराचा गारवा त्यात उतरलेला असेल. बोटं नक्षीवरून आडवी फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल, तर हवा बरेच दिवस कमी होती. मध्यच झिजला असेल, तर ती जास्त होती. टायर म्हणजे तुमच्या सवयींची वही आहे. रागावू नका, नुसतं वाचा.

मग बोट एका लांब खाचेत घाला आणि हळूहळू पुढे सरकवा. कुठेतरी तळाशी एक छोटा उंचवटा लागेल. त्याची उंची 1.6 मिलिमीटर असते. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकली, की टायरचं आयुष्य संपलं. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. म्हणजे आपल्या हाती येतं ते जेमतेम साडेसहा मिलिमीटर रबर. करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. सगळे प्रवास, सगळे घाट, सिल्क बोर्डच्या चौकातले सगळे ब्रेक त्यातच भागवायचे.

इथे थोडं थांबू. एक हिशेब मनातल्या मनात करू या.

माझ्या टायरचा आकार 185/60 आर 15. असं चाक एका फेरीत सुमारे 1.9 मीटर पुढे जातं. टायर 40 हजार किलोमीटर चालला असं धरलं, तर त्याच्या दोन कोटींहून जास्त फेऱ्या होतात. साडेसहा मिलिमीटर या फेऱ्यांत वाटून टाका. सरासरी एका फेरीत जितकं रबर जातं, त्याची जाडी दोन-तीन अणूंएवढी भरते.

दोन-तीन अणू. प्रत्येक फेरीला टायर आपल्या अंगातला इतका बारीक थर रस्त्याला देतो आणि त्याच्या बदल्यात आपल्याला पकड मिळते. रबर डांबरातल्या खडीवर क्षणभर दबतं, तिच्या उंचसखलपणात शिरतं, तिला धरतं आणि सुटतं. झीज हा टायरचा दोष नाही. रस्ता धरायचा तर थोडं झिजावं लागतंच. जास्त टिकणारा टायर मागताना आपण नेमकं काय मागतोय, हे इथे कळायला लागतं.

आता रस्त्याला टेकलेला भाग पाहा. वाकून पाहा. गाडीचं वजन अकराशे किलोच्या आसपास, आत दोन माणसं, टायरमध्ये 32 पीएसआय हवा. वजनाला दाबाने भागलं, की एका चाकाखाली अंदाजे 130 ते 140 चौरस सेंटिमीटर जागा येते. आपल्या टपालखात्याचं पोस्टकार्ड 14 सेंटिमीटर लांब आणि 9 सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे 126 चौरस सेंटिमीटर. एका चाकाखाली एक पोस्टकार्ड. चार चाकांखाली चार. ताशी शंभरच्या वेगाने जाताना तुमचा, शेजारी बसलेल्या माणसाचा आणि मागे झोपलेल्या लेकराचा जमिनीशी संबंध तेवढाच असतो.

डोळे मिटा आणि ती चार कार्डं नजरेसमोर आणा. मग स्वतःला विचारा: या चार कार्डांवर मला काय लिहून हवंय?

दुकानात गेल्यावर तीन मागण्या एकमेकींना ओढतात. ओल्या रस्त्यावर पकड हवी, आयुष्य हवं, आणि चाक हलकं फिरून पेट्रोल वाचायला हवं. रबराचं मिश्रण मऊ ठेवलं की पकड वाढते आणि झीजही वाढते. कडक केलं की आयुष्य वाढतं, पण पावसात रबर खडीला तितकंसं धरत नाही. 1992 मध्ये मिशलिनने रबरात सिलिका मिसळलेले टायर बाजारात आणले आणि ही ओढाताण बरीच सैल केली. आता लांब प्रवासासाठी बनवलेल्या चांगल्या टूरिंग टायरमध्ये तिन्ही गोष्टी पूर्वीपेक्षा बऱ्या जमतात. सैल झाली, तरी ओढ संपलेली नाही. आपल्याकडे 2022 मध्ये केंद्र सरकारने टायरांसाठी तीन कसोट्या नियमात आणल्या: फिरताना होणारा विरोध, ओल्यावरची पकड आणि आवाज. आयुष्य त्यांत नाही. टायरच्या बाजूला ‘ट्रेडवेअर’ असा शब्द आणि पुढे 300 किंवा 440 असा आकडा दिसतो, ती अमेरिकन पद्धत आहे. शंभर आकड्याच्या एका प्रमाण टायरशी तुलना करून तो आकडा कंपनी स्वतः ठरवते. म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर शेजारी ठेवून तो वाचावा. दोन वेगळ्या कंपन्यांमध्ये त्याच्यावर फार विसंबू नये.

जे.सी. रोडच्या बाजूला एका टायरवाल्याकडे मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा सगळ्यात जास्त चालणारा टायर दाखवा म्हणालो. त्याने टायर दाखवला नाही. हातातलं काम थांबवून विचारलं, ‘‘वर्षक्के एष्टु ओडिस्तीरा, सर?’’ वर्षाला किती चालवता?

हा प्रश्न आता तुम्हीही स्वतःला विचारा. घाई नको. गेल्या सर्व्हिसिंगचं बिल आठवा, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात.

बंगळूरमध्ये अनेकांची गाडी वर्षाला सहा-सात हजारांपलीकडे जात नाही. ऑफिसला मेट्रो, आठवड्यातले दोन दिवस घरून काम, रविवारी मल्लेश्वरम किंवा जयनगर. अशा गाडीला 40 हजार किलोमीटर टिकणारा टायरच सहा वर्षं पुरतो. 60 हजारवाला घेतला, तर तो संपायला नऊ-दहा वर्षं लागतील. आणि रबर नुसत्या झिजेने जात नाही, ते वयानेही जातं. हवेतला ऑक्सिजन त्याला कडक करतो, ओझोन आणि ऊन त्याला चिरा पाडतात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल, तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावा आणि दहा झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढावा, असं टायर बनवणारेच सांगतात. तेव्हा ज्याची गाडी कमी फिरते, त्याने जादा आयुष्यासाठी पकड सोडली, तर तो न वापरली जाणारी वर्षं विकत घेतो. त्याने नुकताच बनलेला, ओल्यावर चांगला धरणारा टायर घ्यावा. त्याचं टिकणं त्यातच आहे.

दुसरा माणूस वेगळा. तो दर महिन्याला तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव करत गावी जातो. माझं कोल्हापूर इथून सहाशे किलोमीटरहून लांब आहे. आई-वडील थकले आणि फेऱ्या वाढल्या, तेव्हा माझी गाडी वर्षाला वीस हजार चालू लागली. मग 40 हजारवाला टायर दोन वर्षांत संपतो आणि 60 हजारवाला तीन वर्षं जातो. त्या माणसाला टिकाऊ टूरिंग टायर शोभतो, कारण तो म्हातारा होण्याआधी कामी येतो.

पण त्यानेही निर्णय घेण्याआधी एक रात्र आठवावी. संकेश्वर मागे पडलंय, निपाणी पुढे आहे, तवंदी घाटाचा उतार सुरू झालाय. जुलैचा पाऊस काचेवर धो धो कोसळतोय. पुढच्या ट्रकचे लाल दिवे अचानक पेटतात. ब्रेक चाकांना थांबवतो. गाडीला थांबवतात ती चार पोस्टकार्डं. वेग दुप्पट असेल, तर थोपवायची ऊर्जा चौपट असते. खाचांनी पाणी बाजूला सारायचं असतं, आणि खाच तीन मिलिमीटरच्या खाली गेली की ते काम झपाट्याने मंदावतं. म्हणून खूप किलोमीटर देणारा टायर घेतला, तरी शेवटचा उंचवटा लागेपर्यंत पावसात ओढत नेण्यात बचत नाही.

ती रात्र मनातून जाऊ द्या. पुन्हा चाकापाशी या. हात अजून टायरवर आहे ना?

या रबराचा काही भाग झाडातून आलेला आहे. केरळात कोट्टायमच्या परिसरात, दक्षिण कन्नडात सुळ्याकडे, आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गच्या डोंगरउतारांवरही रबराच्या बागा आहेत. लावल्यापासून सहा-सात वर्षांनी झाड चीक द्यायला लागतं. चीक काढणारा माणूस पहाटेच बागेत जातो, कारण गारव्यात चीक चांगला वाहतो. धारदार सुरीने सालीचा पातळ पापुद्रा तिरका काढतो, खोलवर जखम होणार नाही एवढाच. थेंब थेंब वाटीत जमतो. आत्ता, या घटकेला, कुठेतरी ती वाटी भरत असेल.

आणि झिजलेलं रबर? चार टायर संपेपर्यंत त्यांतलं पाचेक किलो रबर भुकटी होऊन रस्त्यावर उरतं. पावसाबरोबर ते राजकालुव्यांत, म्हणजे शहराच्या पावसाळी नाल्यांत जातं, तिथून बेळ्ळंदूर आणि वर्तूरच्या तलावांकडे. टायर जपून वापरणं म्हणजे पैशांची बचत आहेच, शिवाय ते या शहराच्या पाण्याबद्दलचं आपलं कर्तव्यही आहे.

टिकाऊपणाचा मोठा वाटा आपल्या हातात आहे. हवा पंधरा दिवसांनी, टायर गार असताना तपासायची, दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणात लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, कारण अशा गाड्या पुढच्या चाकांनी ओढतात आणि तेच आधी झिजतात. खड्ड्यात चाक जोरात आदळलं, की साइडवॉलवर हात फिरवून फुगा आलाय का पाहायचं. स्टेपनीलाही विसरायचं नाही. सिग्नल हिरवा झाला म्हणून झेप घ्यायची नाही. पुढे लाल दिसत असेल, तर पाय आधीच उचलायचा. मला या गाडीत सगळ्यात उशिरा शिकता आलेली गोष्ट तीच. वेगवान गाडी हळुवार चालवण्यातही तिचं कसब पुरेपूर हाताला लागतं.

अजून एक. रबरात एक मेणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. टायर फिरताना लवतो, तेव्हा ते आतून पृष्ठभागावर येतं आणि ओझोनपासून त्याचं रक्षण करतं. महिनोन् महिने एका जागी उभ्या गाडीच्या टायरला चिरा पडतात, त्या हे द्रव्य वर न आल्यामुळेही. नुसतं राखून ठेवल्याने टायर टिकत नाही. तो चालत राहिला, तर टिकतो.

आता निर्णय घ्या. वर्षाचे किलोमीटर मनात आहेत, पावसाची रात्र मनात आहे. कमी फिरत असाल, तर पकड मागा. खूप फिरत असाल, तर आयुष्य मागा, पण ओल्यावरची पकड सोडून नाही. दुकानात चारही टायरांवरचे, बनल्याचा आठवडा आणि साल सांगणारे ते चार आकडे स्वतः वाचा आणि दोन टायरच बदलणार असाल, तर नवे मागच्या चाकांना लावा. पावसात मागची बाजू सुटली, की गाडी सावरणं फार कठीण.

उठा. वर्तमानपत्राची घडी घाला. तळहात काळा झाला असेल. लगेच पुसू नका, क्षणभर पाहा. दोन-तीन अणूंच्या थरांनी ज्याने तुम्हाला कितीतरी वेळा घरी आणून सोडलं, त्याचाच तो रंग आहे.